कुंडलिकरावांचे कच्चे कागद

कुंडलिकराव शेलार फॉर्म भरायला बसायच्या आधी हात धुवून येत. साबणानं, पार कोपरापर्यंत. मग रुमालानं एकेक बोट पुसत, टाइपरायटरवरचं कापड काढून त्याची घडी घालत आणि कार्बनचे कागद उजेडात धरून कुठं भोक पडलंय का ते बघत. 'शेलार पूजेला बसले,' असं कॉलेजात सगळे म्हणत. मीही म्हणत असे. आज ते आठवलं की स्वतःचाच राग येतो.

माणूस जुन्नरकडचा. बाप गेला तेव्हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, ते तिथंच सुटलं. मामाच्या ओळखीनं कल्याणला आले, एका शाळेच्या ऑफिसात चिकटले आणि तिथून ठाण्याला आमच्या कॉलेजात. कॉलेजचं नाव सांगत नाही, ओळखीची माणसं अजून तिथं आहेत. राहायला ठाकुर्लीत, दोन खोल्या. बायको कलावती, मूलबाळ नाही. प्रयोगशाळेच्या दारावरून जाताना त्यांची चाल हमखास मंद व्हायची. आत काय चाललंय ते बघायचं, पण थांबायचं नाही. कारकून तिथं थांबला की कुणीतरी विचारणारच, 'काय शेलार, काही काम?' वीस वर्षं ते त्या दारावरून असे गेले.

१९९१ च्या सुरुवातीला नॉर्वेतल्या एका विद्यापीठानं आमच्या कॉलेजाशी करार केला. ठाण्याच्या खाडीतलं पाणी, गाळ आणि मासे दर पंधरवड्याला तपासायचे, तीन वर्षं, दोन्हीकडच्या लोकांनी मिळून. मासे कमी होतायत हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरही सांगत होतं. पण किती, केव्हापासून आणि कशानं, हे कागदावर कुणाकडेच नव्हतं. कागदावर नाही म्हणून कुणी ऐकतही नव्हतं. ते कागदावर यावं हा कराराचा हेतू. शिवाय त्यात 'क्षमतावर्धन' नावाचं एक कलम होतं. हा शब्द कुंडलिकरावांनीच मराठीत बसवला आणि आम्ही त्याला टॉनिकच्या बाटलीवरचं नाव म्हणून हसलो. अर्थ साधा होता. नॉर्वेची माणसं एक दिवस जाणार, त्यांच्यामागे इथल्यांना हे काम स्वतः चालवता आलं पाहिजे.

मी त्या प्रकल्पात संशोधन सहायक होते. एम.एस्सी. होऊन तीन वर्षं घरी बसलेली, डोंबिवलीची, तोंडानं फटकळ. नॉर्वेकडून प्रमुख म्हणून आल्या त्या डॉ. इंगा होल्म. पन्नाशीच्या, उंच, चिखलात गुडघाभर उतरून वर हसणाऱ्या. आम्ही त्यांना इंगाबाई म्हणायला लागलो आणि त्यांनाही ते आवडलं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रशिक्षणवर्ग घेतला. आमच्या विभागाचे हेडसर, मी आणि दोन प्राध्यापक असे बसलो होतो. इंगाबाईंनी विचारलं, "परवाने कोण आणतं? यंत्रं कस्टममधून कोण सोडवणार? अहवाल वेळेवर कोण पाठवणार?" हेडसर म्हणाले, "ते आमचा क्लार्क बघतो." "मग ते कुठं आहेत?" असं म्हणून त्यांनी कुंडलिकरावांना बोलावून घेतलं आणि स्वतः उठून त्यांना खुर्ची दिली. त्या म्हणाल्या, "मी पाच देशांत हे काम केलं. जिथं ते बुडालं तिथं शास्त्रज्ञ कमी पडले नव्हते. तिथं कागद, परवाने आणि फ्रीझर सांभाळणाऱ्या माणसाला कुणी प्रकल्पातला माणूस मानलं नव्हतं. हे शेलार माझे सहकारी आहेत." मी मराठीत सांगितलं. कुंडलिकराव खुर्चीच्या कडेवर बसून जमिनीकडे बघत राहिले.

त्याच दिवशी इंगाबाईंनी फळ्यावर दोन चौकोन काढले. एकात शून्य, दुसरा रिकामा. म्हणाल्या, "शून्य म्हणजे मी पाहिलं आणि काही सापडलं नाही. रिकामा म्हणजे मी पाहिलंच नाही. दोन्ही खरं आहे. पण एकाच्या जागी दुसरं लिहू नका." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. कुंडलिकरावांनी तर ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दुहेरी रेघ मारली. ती वही मी पुढं पाहिली आहे.

खाडीत रोजचं काम करायला होडीवाला हवा होता. चेंदणी कोळीवाड्यातला धाकू नाखवा मिळाला. साठीचा, चौथी शिकलेला, आवाज सगळ्या बंदराला ऐकू जाईल असा. भरती-ओहोटी तो तिथीवरून सांगे आणि घड्याळापेक्षा बरोबर सांगे. कळव्याच्या पुलापासून ऐरोलीपर्यंत सहा जागा ठरल्या. प्रत्येक ठिकाणी पांढरी तबकडी दोरीनं पाण्यात सोडून ती किती खोलवर दिसते ते बघायचं, पाण्याची बाटली भरायची, जाळं टाकून मासे मोजायचे, थोडे पिशवीत घालायचे. सगळं जागच्या जागी फॉर्मवर लिहायचं. त्यासाठी इंगाबाईंनी नॉर्वेहून खास कागद आणला होता, पाण्यानं भिजत नाही असा, जाड. धाकूची अक्षरं त्यावर वेडीवाकडी उमटत. शेजारी गाळाचे डाग, कधी खवलं चिकटलेलं.

आणि कुंडलिकराव? या माणसाला मी तीन वर्षं धावताना पाहिलं. परदेशी पाहुण्यांची पोलिसांत नोंद, माशांचे नमुने देशाबाहेर न्यायचा परवाना, बंदरावर अडकलेलं प्राणवायू मोजायचं यंत्र, टेंभी नाक्यावरच्या बूथमधून जाणारे फॅक्स. ब्याण्णवच्या ऑक्टोबरमध्ये कॉलेजचा ट्रान्सफॉर्मर जळला तेव्हा फ्रीझरमधले दीड वर्षाचे मासे वितळायला लागले. हेडसर कपाळाला हात लावून बसले. कुंडलिकराव गेले ते थेट मासळीबाजारात, धाकूला घेऊन. हातगाडीवर बर्फाच्या लाद्या घालून दोघं ढकलत आले. दोन दिवस दर तीन तासांनी लाद्या बदलल्या. त्या दोन दिवसांत ते मला माशांची नावं लॅटिनमध्ये विचारत होते आणि पाठ करत होते. बोईट, निवटी, शिंगाळा, एकेकाचं. म्हणाले, "शीलाबाई, राहिलेलं शिक्षण असं बर्फ वाहून पूर्ण होतंय बघा."

नॉर्वेला परत जाताना इंगाबाईंनी त्यांना शब्द दिला होता. तीन वर्षांच्या नोंदी नॉर्वेहून येणाऱ्या समितीनं तपासून मान्य केल्या, तर पुढची पाच वर्षं काम चालू राहील. पहिल्या अहवालावर संशोधन व्यवस्थापक म्हणून त्यांचं नाव छापलं जाईल आणि तीन महिने ते नॉर्वेला शिकायला जातील. कुंडलिकरावांनी पासपोर्ट काढला. कलावतीबाईंनी राखाडी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला. ठाकुर्लीच्या उकाड्यात तो स्वेटर बघून शेजारणी हसत, त्याही हसत.

आता चुकीचं सांगते. ती फार लहान होती.

कोळ्यांत पावसाळ्यात होडी वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला खाडीला नारळ दिल्यावरच पाण्यात घालतात. खाडीतले काही जण हल्ली हे पाळत नव्हते. धाकू पाळायचा. त्यामुळं पहिल्या वर्षी जुलै-ऑगस्टच्या फॉर्मवर त्यानं तारीख घातली, खाली 'होरी वर हाय' असं लिहिलं आणि रकाने सोडून दिले. अगदी इंगाबाईंनी शिकवलं तसं. कुंडलिकरावांनीही ते तसंच टाइप करून सरकारी कार्यालयाकडं पाठवलं, कारण परदेशी प्रकल्पाचा अहवाल आधी तिथून पुढं जायचा. आठ दिवसांत फाईल परत आली. वर लाल शाईत शेरा होता, 'अपूर्ण. रकाना पाच ते नऊ भरलेले नाहीत.' कुंडलिकरावांनी पत्र लिहून कारण कळवलं. फाईल पुन्हा परत आली. हेडसर चिडले. "शेलार, तुम्ही वीस वर्षं ऑफिसात काढलीत ना? रिकामा रकाना कधी पास होतो का?"

नाही होत. हे कुंडलिकरावांइतकं कुणाला ठाऊक होतं! शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत, रकाना रिकामा राहिला की माणूस खिडकीवरून परत जातो. किती बायाबापड्यांचे रकाने त्यांनी स्वतःच्या पेनानं भरून दिले होते. ते हात धुवून आले. जूनचा आकडा आणि सप्टेंबरचा आकडा घेऊन मधला काढला, दशांशापर्यंत बरोबर. फाईल पास झाली. पुढच्या दोन्ही पावसाळ्यांत त्यांनी तेच केलं. यात काही लपवतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. काम सुरळीत चालावं म्हणून केलं.

मी साळसूद आहे असं समजू नका. पावसाळ्यातल्या माशांच्या पिशव्या फ्रीझरमध्ये नव्हत्या, ते मला दिसत होतं. पण माझा आलेख छान गुळगुळीत येत होता. मला पीएच.डी. करायची होती. मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट आणखी साधी. पक्की प्रत झाली की कच्चा कागद ठेवायचा नाही, ही ऑफिसची शिस्त. पक्क्या प्रतीवर सही-शिक्का असतो, कच्च्यावर काय असतं? महिन्याच्या महिन्याला ते धाकूचे चिखलाळलेले फॉर्म मोजून, टाइप करून, तपासून बाजूला काढत. एकदा धाकूची बायको आवडाबाई सुकट घेऊन आली होती. तिनं तो जाड कागद हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "भाऊसायेब, सुकट बांधाला यो कागुद मना द्या ना. भिजत नाय, फाटत नाय." तेव्हापासून कच्चे कागद दर महिन्याला कोळीवाड्यात जायला लागले. तिची सोय झाली आणि यांना कुणाच्या तरी उपयोगी पडल्याचं समाधान.

दोन मे चौऱ्याण्णवला फॅक्स आला. समिती बारा तारखेला येतेय. पक्क्या नोंदींबरोबर खाडीत भरलेले मूळ फॉर्म मांडून ठेवावेत.

कुंडलिकराव तो कागद घेऊन प्रयोगशाळेत आले. दारात थांबले नाहीत, सरळ आत आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"शीलाबाई, मूळ म्हणजे कुठले हो?"

"मूळ म्हणजे धाकूनं भरलेले. का?"

"ते कशाला पाहिजेत त्यांना? पक्की प्रत आहे की."

"पक्की तुम्ही टाइप केलीत. ती खरी कशावरून?" मी हसत म्हटलं. मग त्यांचा चेहरा बघितला. "कुंडलिकराव, कुठं आहेत ते?"

त्यांनी सांगितलं. सुकटीचं सांगितलं, मग भरलेल्या रकान्यांचंही सांगितलं, काही न वगळता. मी किंचाळलेच. काय काय बोलले ते लिहीत नाही. बापाच्या वयाचा माणूस मान खाली घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाले, "पण बाकीचं सगळं खरंय हो. पंच्याऐंशी टक्के खरंय."

आम्ही चेंदणीला गेलो. आवडाबाई ओट्यावर बसली होती. तिला आधी कळेचना. "त्या कागदान मी सुकट बांधून देल्ली लोकांना. तीन वरसं देतंय. कुठं शोधाची आता? कोपरीला, कल्याणला, कुठंकुठं गेली ती." कुंडलिकराव तिथंच पायरीवर बसले. तिनं पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं, प्यायले नाहीत.

मग मी जे सुचवलं त्याची लाज मला आजही वाटते. मी म्हटलं, आपण कच्चे कागद नव्यानं करू. कोरे फॉर्म आहेत. धाकू लिहील, आपण गाळ लावू. सत्तरेक कागद तर आहेत. धाकू जाळं सांधत होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"जी होरी वर होती ती मी पान्यान कशी लिवू?"

"अरे धाकूदादा, तेवढे पावसाळ्याचेच खोटे. बाकीचे खरेच आहेत ना?"

"मंग ते बी खोटंच झालं. मना आठवतंय काय, तीन वरसांपूर्वी किती बोईटं घावली?" त्यानं सुतळी दातानं तोडली. "भाऊसायेब, तुमी मना सांगलेला, पायलास तर लिव, नाय पायलास तर सोर. मी सोरला. तुमी कशाला भरला?"

कुंडलिकराव हातातलं पाणी पायरीवर ठेवून उठले.

तरी मी ऐकलं नाही. मी घमेलंभर गाळ कॉलेजात आणला आणि कुंडलिकरावांपुढं कोऱ्या फॉर्मांची चळत ठेवली. ते हात धुवून आले. पहिला फॉर्म लिहायला घेतला. अक्षर मोत्यासारखं आलं. फाडला. दुसरा डाव्या हातानं लिहून बघितला, तोही नीटनेटका, ओळी सरळ. माणसाला वाईट लिहिताच येत नव्हतं. तिसऱ्याला त्यांनी बोट गाळात बुडवलं, कागदाच्या कोपऱ्याला लावलं, आणि ते बोट तसंच धरून रडायला लागले. मोठ्यानं. शिपाई धावत आला, त्याला मी पाणी आणायला पिटाळलं.

अकरा तारखेला दुपारी आवडाबाई डोक्यावर पाटी घेऊन कॉलेजात आली. सुकटीच्या पत्र्याच्या डब्यात तळाला अंथरलेले कागद तिला आठवले होते. तिनं डबा रिकामा करून आणला. अकरा कागद निघाले. वास इतका की ऑफिसातल्या पोरींनी नाकाला पदर लावले. आम्ही एकेक कागद पक्क्या प्रतीशी ताडून पाहिला. एक जुळला. दुसरा जुळला. नोव्हेंबर एक्याण्णव, जानेवारी, मार्च ब्याण्णव, आकड्याला आकडा जुळत होता. मला उभ्या उभ्या घाम फुटला, आनंदानं. दहा जुळले.

अकरावा जुलै ब्याण्णवचा होता. तारीख, खाली 'होरी वर हाय', आणि सगळे रकाने कोरे. पक्क्या प्रतीत त्याच तारखेला सहा जागी मिळून अठ्ठेचाळीस मासे होते.

मी तो कागद उचलला आणि पर्समध्ये घालायला लागले. "दहा पुरेत, कुंडलिकराव. बाकीचे पुरात गेले म्हणू. दहाच्या दहा जुळतायत, ते मानतील."

"आणि हा?"

"हा कुठला? हा सापडलाच नाही."

त्यांनी हात पुढं केला. मी देईना. ते म्हणाले, "शीलाबाई, मी आयुष्यभर लोकांचे रकाने भरले. मला वाटायचं, मी मदत करतोय." मग म्हणाले, "हा धाकूनं बरोबर भरलेला आहे. तीन वर्षांत सगळ्यात बरोबर हाच आहे. द्या इकडं." मी दिला. का दिला, ते मला आजतागायत कळलेलं नाही. नसता दिला तर सगळं वाचलं असतं, असं मला कित्येक वर्षं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी समिती आली. इंगाबाई आणि आणखी दोघं. इंगाबाईंनी दारातच कुंडलिकरावांचा हात हातात घेतला, त्यांना लोकरी मोजे भेट दिले, नॉर्वेच्या थंडीसाठी. कुंडलिकरावांनी मोजे टेबलावर ठेवले, त्यांच्या शेजारी अकरा कागद ठेवले आणि सगळ्यात वर जुलैचा. हेडसरांचा चेहरा पांढराफटक पडला. इंगाबाईंनी कागद पाहिला, पक्की प्रत उघडली, त्याच पानावर बोट ठेवलं.

"का?" त्यांनी विचारलं.

"रकाना रिकामा राहिला की फाईल परत येते," कुंडलिकराव म्हणाले. मी इंग्रजीत सांगितलं. सांगताना ते किती हास्यास्पद वाटलं!

"असे किती?"

"तीन पावसाळे. बाकीचं सगळं खरं आहे मॅडम. कुठलं खरं, कुठलं मी भरलेलं, एकेक ओळ सांगतो. मला पाठ आहे."

इंगाबाईंचे डोळे भरले होते. आवाज मात्र स्थिर होता. "तुम्हाला माहीत आहे, शेलार. माझा तुमच्यावर विश्वासही आहे. पण जो माणूस तुम्हाला ओळखत नाही, त्यानं हे कशावरून मानायचं?"

अकरा कागद म्हणजे तीन वर्षं नव्हेत. ऑगस्टमध्ये पत्र आलं, फार सभ्य भाषेत. नोंदी ग्राह्य धरता येत नाहीत, करार पुढं वाढवता येत नाही, सहकार्याबद्दल आभार. पुढची पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याशा देशातल्या खाडीला मिळाली. फ्रीझर भौतिकशास्त्र विभागानं नेला. मासे कॉलेजच्या मागं खड्डा खणून पुरले, तेव्हा कुंडलिकराव उभे होते आणि पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या सोडवून खिशात घालत होते. माझी पीएच.डी. राहिली. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांना परीक्षेचे फॉर्म घ्यायच्या खिडकीवर बसवलं. पोरं सांगत, शेलार आता फॉर्म भरून देत नाहीत, रकाना राहिला तर नुसतं बोट ठेवतात आणि थांबतात.

मला कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात नोकरी लागली. शहाण्णव साली एकदा ते मला डोंबिवलीच्या बाजारात भेटले. वाळलेले, पिशवीत मेथीची जुडी. इकडचं तिकडचं विचारून झाल्यावर म्हणाले, "शीलाबाई, समजा कच्चे कागद असले, सगळे, पहिल्यापासून नीट ठेवलेले, तर आता कुणी घेईल का हो?"

मी म्हटलं, "कोण घेणार? संपलं ते, कुंडलिकराव. तुम्हीच संपवलंत." आणि मेथी बघायला वळले.

त्यानंतर ते मला दिसले नाहीत. अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात हृदयविकारानं गेले, हे मला दोन महिन्यांनी कळलं. कलावतीबाईंचा निरोप आला, 'त्यांच्या फायली आहेत, वर तुमचं नाव घातलंय, येऊन बघून जा.' ठाकुर्लीला गेले. राखाडी स्वेटर कपाटात घडी घालून ठेवलेला दिसला. लाल नाडीनं बांधलेल्या चार फायली त्यांनी माझ्यापुढं ठेवल्या. सोडल्या तर वास आला. गाळाचा आणि माशांचा.

प्रकल्प बंद झाल्याचं धाकूला सांगायचं काम कुंडलिकरावांवर होतं. त्यांनी ते सांगितलंच नाही. चौऱ्याण्णवच्या नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली, धाकू पंधरवड्यानं फॉर्म भरून परीक्षेच्या खिडकीवर घेऊन आला आणि यांनी तो घेतला, होडीचे पैसे स्वतःच्या पगारातून दिले. उरलेले कोरे फॉर्म त्याला दिले. मग पुढच्या पंधरवड्याला. मग चार वर्षं. कलावतीबाई म्हणाल्या, "धाकूला शेवटी शेवटी कळलेलं होतं बहुतेक. एकदा घरी आला तेव्हा हे म्हणाले, धाकूदादा, आता राहू दे. तर तो म्हणाला, तुमी घेताय तवर मी भरतंय."

मी एकेक कागद काढत गेले. जुलैचे रकाने कोरे, ऑगस्टचे कोरे, प्रत्येक वर्षी. बाकीच्या महिन्यांत धाकूचे आकडे. पंचाण्णवला एका जागी नऊ मासे. शहाण्णवला चार, पाच. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात दोन, एक, दोन. प्रत्येक कागदाच्या खाली कुंडलिकरावांची सही, तारीख आणि त्या मोत्यासारख्या अक्षरात एकच वाक्य, 'कच्चा कागद. मी काहीही भरलेले नाही.'

"कामाचं आहे का हो काही?" कलावतीबाईंनी विचारलं. "नाहीतर रविवारी रद्दीवाला येतो."

कामाचं आहे, असं मी म्हटलं आणि फायली छातीशी धरून रिक्षात बसले. कुणाला द्यायच्या ते तेव्हा कळत नव्हतं. इंगाबाईंना लिहिलेलं पत्र परत आलं, त्या तिथून निवृत्त झाल्या होत्या. फायली माझ्याच कपाटावर आहेत.

शेवटचा कागद नोव्हेंबर अठ्ठ्याण्णवचा आहे. कळव्यापासून ऐरोलीपर्यंत सहाही जागा लिहिल्यात, पाण्याची खोली लिहिलीय, तबकडी किती खाली दिसली ते लिहिलंय. माशांच्या रकान्यात धाकूनं सहा शून्यं काढलीत, एकाखाली एक. एकही चौकोन त्यानं रिकामा सोडलेला नाही.